आरोपीच्या पिंजऱ्यात आई

१ जुलै २०२४ रोजी भारतीय दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता अंमलात आली. गुलामगिरीच्या खुणा पुसल्याचा डांगोरा सत्ताधाऱ्यांनी पिटला. गर्भासंबंधीच्या कायद्यात पुसला गेला तो केवळ कलमांचा क्रमांक! ३१२ ते ३१६ ची ८८ ते ९२ झाली. आशय १८६० चाच राहिला.

यांतील काही कलमे हवीतच. स्त्रीच्या संमतीवाचून गर्भ पाडणाऱ्यास जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, त्याविषयी दुमत नाही. (सासरच्या धाकाने दिलेली संमती ही संमती कशी, हा प्रश्न मात्र उरतोच.) आक्षेप आहे तो कलम ८८ च्या स्पष्टीकरणाला. स्वतःचा गर्भ स्वतः पाडणारी स्त्रीही त्यानुसार गुन्हेगार ठरते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गर्भाची हालचाल सुरू झालेली असल्यास सात वर्षांपर्यंत.

१९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने हे संपले, असे अनेक कार्यकर्तेही समजतात. ते खरे नाही. त्या कायद्याने अभय दिले ते नोंदणीकृत डॉक्टरला. २०२१ मध्ये काही स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितांनाही तिचा लाभ दिला. तथापि निर्णय डॉक्टरांच्या मतावरच अवलंबून राहिला. ज्या वस्तीत डॉक्टरच पोहोचत नाही, तिथल्या बाईने जडीबुटीचा आधार घेतला तर तिच्यासाठी कलम ८८ तयारच आहे.

आता दुसरी बाजू पाहावी. ऊसतोडीला निघालेले जोडपे मुकादमाकडून उचल घेते. हिशेबात ते दोघे मिळून एक ‘कोयता’. खाडा पडला की दंड उचलीत चढतो. म्हणून दिवस भरत आलेली बाईही फडात उतरते, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. याच धंद्यातील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया बीड जिल्ह्यात इतक्या झाल्या की २०१९ मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. फडात राबता राबता पोटातले मूल दगावले, तर आरोपी कोण? मुकादम म्हणणार, बाई आपणहून आली. कारखाना म्हणणार, मजूर आमचे नव्हेत. फौजदारी कायदा हेतू शोधतो, आणि खाडा कापणाऱ्याचा हेतू तर फक्त ऊस वेळेवर गाळपाला जावा एवढाच असतो!

कलम ८८ चे ते स्पष्टीकरण रद्द झाले पाहिजे. गरोदर मजूर स्त्रीचा खाडा कापणे हा गुन्हा ठरला पाहिजे, आणि त्याची जबाबदारी मुकादमापाशी न थांबता कारखान्याच्या संचालकांपर्यंत गेली पाहिजे. सहकाराचे पुढारी विधिमंडळात सर्वच बाकांवर बसतात. या मागणीवर ते कोणत्या बाजूला हात वर करतात, ते ऊसतोड मजुरांच्या संघटनांनी येत्या गाळप हंगामापूर्वी त्यांच्याकडून वदवून घ्यावे.