मधुमेह व शाळासोबत्यांचें कर्तव्य

मधुमेह हा गोड खाणाऱ्या श्रीमंतांचा रोग, अशी समजूत आमच्या सोलापुरांत अद्यापि आढळते. शाळकरी मुलास हा रोग जडला कीं, “फार गोड खाल्लें असेल” असा ठपका लागलीच त्याच्या माथीं येतो. आमच्या मतें हा ठपका अन्यायाचा आहे, व प्रसंगीं जिवावर बेतणाराही आहे.

शरीराची व्यवस्था आमच्याकडील ज्वारीच्या पेवासारखी आहे. सुगींत धान्य भरावें, टंचाईंत काढावें. यकृत हें साखरेचें पेव होय. जेवणानंतर रक्तांत साखर वाढली म्हणजे स्वादुपिंडांतील बीटा पेशी इन्सुलिन नांवाचा अंतःस्राव सोडतात. त्याच्या आज्ञेनें साखर यकृतांत सांठते व स्नायूंत शिरते. उपाशीपोटीं साखर उतरूं लागली म्हणजे शेजारच्या आल्फा पेशी ग्लुकागॉन सोडतात आणि पेव उघडतें. या दोहोंच्या तोलानें निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तांत उपाशीपोटीं साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम साखर राहते.

मुलांत बहुधा आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहांत शरीराची रक्षकशक्तीच बीटा पेशींचा नाश करते. मग ग्लुकागॉनला आवर राहत नाहीं. रक्त साखरेनें भरलेलें असतांही पेव उघडेंच, आणि स्नायू मात्र उपाशी! यांत मुलाच्या जिभेचा अपराध कोणता?

श्रीमंतीचा आक्षेपही टिकत नाहीं. प्रौढांच्या मधुमेहांत बहुधा इन्सुलिन असूनही शरीर त्याची आज्ञा नीट मानीत नाहीं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील खेड्यांत केलेल्या अभ्यासांत असें दिसलें कीं, तेथील नवजात बालकें इंग्लंडांतील बालकांहून वजनानें बरींच कमी, परंतु त्या मानानें चरबींत फारशीं उणीं नसतात. या रोगाचा संबंध मातेच्या पोषणाशीं पोंचतो, असें त्यांचें प्रतिपादन आहे.

१९२२ सालीं टोरांटो येथें लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचण्यांत आलें. तत्पूर्वीं अशा मुलांस मरणावांचून गति नव्हती. म्हणून काढ्याचूर्णांच्या भरंवशावर त्यांचें इन्सुलिन बंद करणें आम्हांस घोर वाटतें.

शाळेचेंही कर्तव्य आहे. इन्सुलिन अधिक झालें वा जेवण चुकलें तर मूल घामाघूम होतें, थरथरतें, भलतेंच बोलतें. तो उद्धटपणा नव्हे. तें शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यांतून तत्काळ द्यावी. बेशुद्ध असल्यास तोंडांत कांहीं न घालतां डॉक्टरांकडे न्यावें. वर्गांत खाण्याची त्यास मुभा असावी. आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर चढतो व उष्म्यानें इन्सुलिन बिघडतें. तें ठेवण्यास शाळेनें थंड जागा द्यावी.

दाखल्यांतील शोमरोनी मनुष्यानें जखमीस दोष विचारला नाहीं. आधीं जखम बांधली. आमच्या बांकावरील सोबत्याशींही आम्हीं तसेंच वागावें.