वडिलांची सायकल

आमच्या अंबाजोगाईच्या घरी, ओसरीच्या भिंतीला टेकून, वडिलांची रॅले सायकल आजही उभी असते. गावास मोमिनाबाद म्हणत त्या निजामी काळात, 1948 पूर्वी, ती घरात आली. तिच्यावरून वडील शाळेत गेले, पुढे मी गेलो, आणि यंदा थोरल्या पुतण्याचा मुलगा जाऊ म्हणतो. पायडल मारताना ती कटकट वाजू लागली, तेव्हा दुरुस्तीचे काम मी आपल्याच अंगावर घेतले. त्या कामात जे घडले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. त्यात यंत्राचा धडा आहे, आणि मास्तराचाही.

सायकलीच्या चौकटीत सर्वांत खाली एक आखूड, जाड नळी असते. तिच्यातून पायडलांचा आस जातो, आणि तिच्या दोन्ही तोंडांत छर्रे धरणाऱ्या पोलादी वाट्या आट्यांवर बसविलेल्या असतात. डावीकडील वाटीचे आटे नेहमीसारखे सुलटे असतात. परंतु साखळीच्या बाजूचे आटे उलटे, कारण तेथे सुलटे आटे असते तर छऱ्यांवर फिरणाऱ्या आसाच्या ओढीने वाटी हळूहळू सैल झाली असती. व्याकरणात उत्सर्गापेक्षा अपवाद बलवान असतो हे मी आयुष्यभर शिकविले. हा अपवादही मला ठाऊक होता, आणि त्या माहितीचा थोडा ताठाही होता.

साखळीकडील जुनी वाटी झिजली होती, म्हणून बाजारातून नवी आणली. ती दोन फेरे सहज बसली आणि तिसऱ्यास अडली. मुलगा म्हणाला, "आजोबा, काहीतरी चुकतंय. काढून पाहू या ना." मी म्हणालो, "चुकत नाही काही; जोर कमी पडतो आहे." असे म्हणून पान्याच्या दांड्यास लोखंडी नळी चढविली आणि ओढ दिली. वाटी करकरली, फिरली, आणि एकाएकी सैल पडली. बाहेर काढली तो तिच्याबरोबर लोखंडाचे बारीक कीस निघाले. चौकटीचे आटे सोलले गेले होते.

रात्री पंगतीत धाकट्या भावाने विचारले तेव्हा माझ्या तोंडून निघून गेले, "पोराने घाई केली." पोराने मान वर केली नाही. तो भात कालवीत राहिला.

दुसऱ्या दिवशी चौकट घेऊन मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी जुनी व नवी वाटी आट्याला आटा लावून उजेडात धरली. दोहोंचे दाते एकमेकांत बसेनात. सायकलींचा रूढ मेळ इंचास 24 आट्यांचा. जुन्या रॅलेचा मात्र 26 चा. व्यास जवळजवळ एकच, सुमारे 35 मिलिमीटर. म्हणून परकी वाटी दोन फेरे फसवून आत शिरते. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 साली इंग्लंडात आट्यांचे एक प्रमाण सुचविले, त्यापूर्वी कारखान्यागणिक आटे निराळे असत. पण प्रमाणे ठरली तरी वेगळेपण सरले नाही, याचा पुरावा माझ्या हातात होता.

मिस्त्री म्हणाले, "गुरुजी, पहिले फेरे बोटांनी फिरवायचे. बोटं थांबली, की आपणही थांबायचं."

सुदैवाने बाहेरचेच तीन आटे गेले होते. आतले शाबूत होते. त्यांनी नळी रॉकेलने धुऊन कीस काढला आणि दुमडलेले कंगोरे तिकोनी कानशीने साफ केले. मग डब्यातून 26 आट्यांची एक जुनी वाटी काढून, सहाणेच्या चाकावर तिला तीन उभ्या खाचा पाडल्या. पोलादी वाटीच आता आटे उजळणारे हत्यार झाली. तेल घालून ती अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे अशी फिरविली, म्हणजे कीस खाचांत उतरतो आणि पुढचा आटा फाटत नाही. शेवटी त्याच मापाची दुसरी चांगली वाटी बोटांनीच तळापर्यंत गेली. दुसऱ्या बाजूची वाटी घरीच बसवा, असे ते म्हणाले.

सगळेच आटे गेले असते तर? तर नळी 36 मिलिमीटरच्या इटालियन मापास वाढवून नवे आटे पाडता येतात; तेथे दोन्ही बाजू सुलट्याच. किंवा पितळेचा डाग भरून पुन्हा मूळ माप कापता येते. परंतु त्या आचेने चौकटीचे सांधे ढिले होण्याचे भय असते, म्हणून तो उपाय अखेरचा.

आपल्या घरांत असल्या कामास अद्याप हलके मानतात. 1888 साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून ज्यांच्या उद्योगाचा आरंभ झाला, ते लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते, हे आपण ध्यानात ठेवावे. हाताने जे कळते ते पुष्कळदा पोथीने कळत नाही.

त्या रात्री पंगतीत मी सर्वांसमक्ष सांगितले की, घाई पोराने केली नव्हती. तो थांबा म्हणत होता आणि मी ऐकले नाही. कोणी काही बोलले नाही. वहिनींनी भात वाढला.

सकाळी मुलगा ओसरीवर येऊन म्हणाला, "आजोबा, डावीकडची वाटी मी बसवू?" मी पाना पुढे केला. त्याने तो घेतला, बाजूस ठेवला, आणि वाटी बोटांनी फिरवू लागला.