उसाची खेप आणि इंजिनाचा दाह

ट्रॅक्टरमागे २ ट्रॉल्या काठोकाठ भरून ऊस नेण्यात काटकसर आहे, हा समज योग्य नव्हे. चढावर वरच्याच गिअरमध्ये इंजिन रेटले, की त्याचे फेरे मंदावतात; डिझेल भरपूर जाते, हवा मात्र अपुरी पडते. धुराड्याचा काळा धूर ही त्याचीच खूण होय. तेव्हा बाहेर पडणारे वायू अतिशय तापून झडपा, पिस्टन व टर्बो यांस इजा पोहोचते. पाण्याचा काटा हा दाह तत्काळ दाखवीत नाही. म्हणून चढापूर्वीच खालचा गिअर टाकावा, एअर क्लीनर स्वच्छ ठेवावा आणि टर्बोचे इंजिन बंद करण्यापूर्वी ३ ते ५ मिनिटे मंद चालू द्यावे. एका खेपेच्या बचतीसाठी इंजिन गमावणे हा शहाणा व्यवहार नव्हे. ग्रामसेवकांनी हे हंगामापूर्वीच शेतकऱ्यांस पटवून द्यावे.