सही कुणाची, निर्णय कुणाचा?

बाईच्या नावाबरोबर ‘सेक्रेटरी’ हा शब्द आला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र येते. साहेबांच्या केबिनबाहेरचे टेबल, फोन, टाइप केलेली पत्रे, पाहुण्यांसाठी चहा सांगणे. कंपनी सेक्रेटरी झालेल्या मुलीला ‘मी ती सेक्रेटरी नव्हे’ हे सासरी-माहेरी कितीदा तरी समजावून सांगावे लागते. टेबलामागच्या त्या बाईचे कामही हलके नाही, पण तो वेगळा विषय. इथे सांगायचे आहे ते असे की, ज्या मोजक्या पदांवरच्या माणसाला कंपनी कायदा नाव घेऊन जबाबदार धरतो, त्यातले हे एक पद आहे, आणि गेल्या दोन-तीन दशकांत मुली त्याकडे मोठ्या संख्येने वळल्या आहेत. त्याचा आनंद आहेच. पण पदाबरोबर ‘मी यावर सही करणार नाही’ असे म्हणायची ताकद त्यांच्या हाती आली का? हा प्रश्न स्त्री-संघटनांनी आपला मानला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

आधी पदाची ओळख करून घेऊ. १९५६ च्या कंपनी कायद्यात १९७४ साली दुरुस्ती झाली आणि २५ लाख रुपये किंवा अधिक भांडवलाच्या कंपन्यांना पूर्णवेळ सेक्रेटरी नेमणे बंधनकारक झाले. ही मर्यादा पुढे वाढत गेली. आजच्या, म्हणजे २०१३ च्या कायद्याप्रमाणे शेअर बाजारात नोंदलेली प्रत्येक कंपनी आणि १० कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवलाची इतर कंपनी, पब्लिक असो वा प्रायव्हेट, पूर्णवेळ कंपनी सेक्रेटरी ठेवण्यास बांधलेली आहे. संचालक मंडळाच्या बैठका बोलावणे, विषयपत्रिका व ठराव तयार करणे, इतिवृत्त लिहिणे, कंपनी निबंधकाकडे विवरणे भरणे, आणि कंपनी कायदा पाळते की नाही हे संचालक मंडळाला कळवणे, ही तिची कामे. कायद्याच्या भाषेत ती कंपनीच्या प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्तींपैकी एक असते. चूक झाली तर दंडाच्या नोटिशीत तिचेही नाव येते.

या व्यवसायाचे नियमन इन्स्टिट्यूट ऑफ कंपनी सेक्रेटरीज ऑफ इंडिया ही संस्था करते. संस्था १९६८ ची, तिला कायद्याचे अधिष्ठान मिळाले १९८० च्या कंपनी सेक्रेटरीज कायद्याने. २००७ साली प्रीती मल्होत्रा या तिच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. म्हणजे संस्थेच्या स्थापनेपासून ३९ वर्षे जावी लागली. २०१६ साली ममता बिनानी अध्यक्ष झाल्या.

मुली या वाटेला का येतात? बारावीनंतर प्रवेशपरीक्षा, मग एक्झिक्युटिव्ह आणि प्रोफेशनल असे दोन टप्पे, आणि २१ महिन्यांचे प्रशिक्षण. अभ्यास घरी बसून करता येतो, रोज कॉलेज गाठावे लागत नाही, वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीइतका खर्च नाही. घरातली मंडळी आणखी एक कारण सांगतात: ‘बैठी नोकरी आहे, मुलीला बरी. लग्नानंतरही चालेल.’ यातल्या पहिल्या कारणांनी अनेक मध्यमवर्गीय मुलींना खरोखर दार उघडून दिले. शेवटचे कारण मात्र भाबडे आहे. सप्टेंबरअखेरपर्यंत कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायच्या असतात, त्यानंतर ३० दिवसांत हिशेब आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण निबंधकाकडे पोचवायचे असते. मोठ्या कंपन्यांत तिमाही निकालांची बैठक रात्रीपर्यंत लांबते. तारखा कायद्याने बांधलेल्या. मूल आजारी आहे म्हणून त्या पुढे जात नाहीत. आणि हे दार सगळ्याच मुलींना सारखे उघडे नाही. परीक्षा मराठीतून देता येत नाही, चांगले प्रशिक्षण बहुधा मुंबई-पुण्याकडेच मिळते. बीड किंवा गडचिरोलीच्या मुलीला आधी शहरात राहण्याचा खर्च झेपला पाहिजे आणि घरच्यांनी तिला एकटीला राहू दिले पाहिजे.

आता सहीकडे येऊ. कंपन्यांच्या कागदांवर बायकांच्या सह्या आज तीन नात्यांनी होतात.

पहिली सही बायको किंवा आई या नात्याने. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायला किमान दोन संचालक लागतात. एक नाव नवऱ्याचे, दुसरे शोधायला घराबाहेर जावे लागत नाही. सरपंचपती आपल्याला गावात दिसतात. शहरातल्या कंपनीतला संचालकपती तितकासा दिसत नाही, एवढाच फरक. बाईची डिजिटल सही एका छोट्या टोकनात असते आणि ते टोकन नवऱ्याच्या किंवा हिशेबनिसाच्या ड्रॉवरमध्ये. सलग तीन वर्षे कंपनीने हिशेब किंवा वार्षिक विवरणे भरली नाहीत, तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०१७ साली सरकारने अशा तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. त्या याद्यांत बायकांची नावेही होती. मारहाणीला कंटाळून घर सोडलेली बाई घराबाहेर पडते, कंपनीतून मात्र बाहेर पडत नाही. तिथे तिचे नाव तसेच राहते.

दुसरी सही संचालिकेची. २०१३ च्या कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक आकाराच्या इतर पब्लिक कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक घेणे सक्तीचे केले. काही कंपन्यांनी ती जागा मालकाच्याच घरातल्या स्त्रीला दिली. म्हणून सेबीला पुढे जावे लागले आणि एप्रिल २०१९ पासून पहिल्या ५००, तर एप्रिल २०२० पासून पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांत किमान एक स्वतंत्र स्त्री संचालक असण्याची अट आली.

तिसरी सही कंपनी सेक्रेटरीची. हिला सगळे माहीत असते. कुठल्या ठरावावर चर्चा झाली आणि कुठला नुसताच फिरवला गेला, हे तिच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. तिला बैठकीत बोलता येते, मत देता येत नाही. इतिवृत्त ती लिहिते, पण एखादी बाब अप्रस्तुत किंवा कंपनीच्या हिताला बाधक आहे असे ठरवून ती वगळण्याचा अधिकार अध्यक्षाला आहे. तिला नेमणारे संचालक मंडळच आणि काढणारेही तेच. लेखापरीक्षकाला मुदतीआधी काढायचे तर केंद्र सरकारची आगाऊ परवानगी आणि भागधारकांचा विशेष ठराव लागतो. कंपनी सेक्रेटरीला असे काहीच संरक्षण नाही. नोंदणीकृत कंपन्यांपुरती २०२३ पासून एवढी सुधारणा झाली की, राजीनाम्याचे पत्र कारणांसह सात दिवसांत शेअर बाजाराला कळवावे लागते. पण नोकरी जाण्याची भीती असलेली बाई त्या पत्रात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हेच दोन शब्द लिहिणार, हे सांगायला नको.

जबाबदारी पूर्ण आणि अधिकार अर्धा, ही तक्रार पुरुष कंपनी सेक्रेटरीही करतील. ती खरीच आहे. मग यात बाईचा प्रश्न कुठला? प्रश्न असा, की बाईने नीटनेटके लिहावे, वेळेत काम करावे, वाद घालू नये, ही अपेक्षा या पदावर येण्याआधीपासून तिच्याकडून केली जाते. ‘मुली सिन्सिअर असतात’ हे कौतुक ऐकायला गोड लागते. त्याचा अर्थ बऱ्याचदा ‘मुली सांगितले तिथे सही करतात’ असा असतो. ज्या गुणांचे कौतुक करून घरात आपल्याला गप्प बसवले गेले, त्याच गुणांसाठी कंपनीत निवड होत असेल, तर सावध राहिले पाहिजे.

काही मैत्रिणी म्हणतील, आपले काम मोलकरणींत, ऊसतोडणी कामगार बायकांत, कंत्राटी सफाई कामगारांत. बोर्डरूममधल्या सुशिक्षित मुलींची काळजी आपण कशाला वाहायची? याचे उत्तर त्याच कागदांत आहे. भंवरीदेवीवरच्या १९९२ मधील अत्याचारातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि २०१३ साली कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा. त्या कायद्यात कंत्राटी, रोजंदारीवरची आणि शिकाऊ बाईही येते. २०१८ पासून, छोट्या कंपन्या सोडल्या तर, अंतर्गत समिती नेमली आहे असे विधान संचालक मंडळाच्या अहवालात करावे लागते. जुलै २०२५ मध्ये नियम आणखी पुढे गेले. वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांहून अधिक किती पडून राहिल्या, तसेच मातृत्व लाभाच्या तरतुदी पाळल्या का, हे सांगणे आले. या अहवालाचा मसुदा सहसा कंपनी सेक्रेटरीच्या टेबलावर तयार होतो. ‘तक्रारी: शून्य’ हे शब्द तिच्या हातून उतरतात. त्या शून्याचा अर्थ छळ नाही असा आहे, की पायऱ्या पुसणाऱ्या बाईला समिती आहे हेच माहीत नाही असा आहे, हे विचारू शकणारी आतली व्यक्ती तीच. म्हणून तिचे बळ आणि त्या सफाई कामगार बाईचे बळ वेगळे मोजता येत नाही.

शिवाय आपल्या स्वतःच्या कंपन्याही आता उभ्या राहत आहेत. २००२ च्या दुरुस्तीने उत्पादक कंपनीची तरतूद आली. बचत गटांतून पुढे आलेल्या, शेती आणि दूधधंदा करणाऱ्या बायका अशा कंपन्यांच्या संचालक होत आहेत. कागदपत्रे इंग्रजीत असतात, ती भरायला बाहेरचा सल्लागार येतो आणि ‘ताई, इथे सही करा’ म्हणतो. मोठ्या कंपनीतली तीच गोष्ट इथे मराठीत घडते, एवढेच. २००६ पासून विवरणे इंटरनेटवरून भरता येतात. त्यामुळे लातूर किंवा सांगलीत बसून स्वतंत्र व्यवसाय करणारी कंपनी सेक्रेटरी या बायकांना ठराव मराठीत समजावून सांगू शकते. या व्यवसायाची ही बाजू मुलींना करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरांत कुणी सांगत नाही. ती आपण सांगायला हवी.

तेव्हा काय करायचे? आपल्या सल्ला केंद्रांत आलेल्या बाईला जमीन, दागिने, बँकेचे खाते यांबद्दल आपण विचारतो. ‘तुमचे नाव कुठल्या कंपनीत आहे का?’ हेही विचारावे. संचालकपदाचा राजीनामा ती लेखी देऊ शकते, आणि त्याची प्रत स्वतः निबंधकाकडे पाठवू शकते. कंपनीच्या किंवा नवऱ्याच्या परवानगीची त्यासाठी गरज नाही. मागच्या काळातली जबाबदारी मात्र त्यामुळे पुसली जात नाही, म्हणून हे जितके लवकर होईल तितके बरे. संचालिका असलेल्या मैत्रिणींनी लक्षात ठेवावे, की ठरावाला विरोध असेल तर विरोध करणाऱ्याचे नाव इतिवृत्तात यावे लागते. तो आपला हक्क आहे. आपल्या शहरातल्या मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल एकत्र बसून वाचावेत आणि अंतर्गत समितीच्या विधानावर कंपनीला लेखी प्रश्न विचारावेत. कंपनी सेक्रेटरी मुलींनी आपली हरकत तोंडी न ठेवता संचालक मंडळाला लेखी द्यावी, आणि अशा मुलींना एकटे वाटू नये म्हणून आपल्या बैठकांत त्यांना जागा असावी. कायद्याकडे मागणी एकच: सेक्रेटरीला काढायचे तर कारण लेखी द्या, तिचे म्हणणे भागधारकांपुढे ठेवा आणि दोन्ही निबंधकाकडे नोंदवा.

अंगठ्यापासून सहीपर्यंत यायला आपल्या आज्या-पणज्यांना फार झगडावे लागले. ती सही दुसऱ्याच्या निर्णयाखाली नुसती उमटत राहिली, तर अंगठ्यात आणि तिच्यात फरक काय राहिला? मुलींनी कंपनी सेक्रेटरी जरूर व्हावे. मात्र सही करण्याआधी कागद पूर्ण वाचण्याचा, आणि पटला नाही तर परत करण्याचा हक्क त्यांना मिळवून देणे हे एकट्यादुकट्या मुलीचे काम नाही. ते आपल्या सगळ्याजणींचे आहे.