सामाईक जागा आणि सह्यांचा कागद

सटाण्यासारख्या तालुक्याच्या गावी धाब्याची घरे आणि जुने वाडे जाऊन त्यांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर एक नवा विधीही आमच्या समाजात रूढ झाला. त्यास ‘सह्या घेणे’ असे म्हणतात. गच्चीवर पत्रे घालावयाचे असोत, पार्किंगची वाटणी करावयाची असो, जिन्याखालची मोकळी जागा एखाद्या दुकानदारास भाड्याने द्यावयाची असो. कमिटीतील कोणी गृहस्थ ऐन जेवणाच्या वेळी दाराशी येतात, हातातील कागद पुढे करतात आणि ‘सर्वांनी केली आहे, तुमची तेवढी राहिली’ असे म्हणतात. वर मजकूर दोन ओळींचा. खाली नावे, फ्लॅटचे क्रमांक आणि सहीचा रकाना. या कागदावरून पुढे सभेत बेधडक सांगण्यात येते की, सर्व सदनिकाधारकांचे मत घेऊनच हे काम हाती घेतले आहे. मत घेणे या क्रियेचा इतका स्वस्त अर्थ आमच्या सुशिक्षित वर्गाने मुकाट्याने कसा मान्य केला, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

अशाच एका कागदाचा आम्हांस निकटचा परिचय आहे. इमारतीचे नाव सांगण्याचे कारण नाही. ‘गच्चीवर पत्र्याचे छप्पर घालण्यास आमची हरकत नाही. आठ दिवसांत उत्तर न आल्यास संमती गृहीत धरण्यात येईल,’ एवढाच त्याचा मजकूर. खर्च किती, तो सर्वांनी सारखा द्यावयाचा की क्षेत्रफळाच्या मानाने, पत्र्यावरचे पावसाचे पाणी कोठे उतरणार, पाणी तापविण्याचे सौर बंब कोठे हलणार, नगरपरिषदेची परवानगी लागते की नाही, यांपैकी एका शब्दाचाही त्यात उल्लेख नव्हता. छपराने वरच्या मजल्याचा वैशाखातला ताप कमी होईल, ही गोष्ट खरी. पण ज्या तळमजल्यास त्या तापाची झळ कधी लागलीच नाही, त्यानेही तितकीच वर्गणी द्यावयाची होती. आणि चैत्र-वैशाखात ज्या गच्चीवर साऱ्या इमारतीच्या कुरडया आणि पापड वाळतात, तेथे छप्पर झाल्यावर ऊन कोठून आणावयाचे, हा प्रश्न तर कागद लिहिणाराच्या स्वप्नातही आला नसावा. प्रश्नच असा घातलेला की उत्तर न देणे हेही ‘होय’ धरले जावे! न्यायाधीशाने आरोपीस ‘तू गप्प आहेस, त्याअर्थी तुला गुन्हा कबूल आहे’ असे म्हणावे, तशातला हा प्रकार.

कोणी म्हणेल की, हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे, कायद्याचा नव्हे. तसे नाही. १९६३ च्या मोफा कायद्याच्या सातव्या कलमाने, मंजूर नकाशे एकदा दाखविल्यावर घेणाराच्या पूर्वसंमतीवाचून इमारतीत फेरफार करण्यास बिल्डरला मनाई केली. आणि करारात आगाऊच घालून ठेवलेली मोघम संमती ही संमती नव्हे, विशिष्ट योजना समजावून सांगून ती घेतली पाहिजे, असे मुंबई उच्च न्यायालयाने या कलमासंबंधी म्हटले आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने सामाईक जागांतील बदलास बिल्डर सोडून दोन-तृतीयांश घेणारांची लेखी पूर्वसंमती आवश्यक केली, आणि एकाच कुटुंबाने अनेक फ्लॅट घेतले असले तरी त्यास एकच धरावे, असेही सांगितले. इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, कारण ती सामाईक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पांचाली सोसायटीच्या खटल्यात दिला. म्हणजे बिल्डरने आम्हांस नीट विचारावे, यासाठी कायदेमंडळ आणि न्यायालये पन्नास-साठ वर्षे झटत आली. बिल्डर निघून गेल्यावर तीच मोघम संमती शेजाऱ्याने शेजाऱ्याकडून घ्यावी, यापरता विपर्यास कोणता?

बरे, सह्या मोजावयाच्या त्या तरी कशा? इमारत सहकारी संस्था असेल तर १९६० च्या कायद्याप्रमाणे एका सभासदास एक मत. तीच इमारत १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखाली नोंदलेली असेल, तर प्रत्येकाच्या मताचे वजन घोषणापत्रात लिहिलेल्या त्याच्या हिश्श्याच्या टक्केवारीवर ठरते, आणि त्या टक्केवारीने एक्कावन्न भरले म्हणजे बहुमत होते. त्याच कायद्याचे आठवे कलम सांगते की, इमारतीच्या मजबुतीस धोका आणणारे काम, किंवा एखादे महत्त्वाचे नवे बांधकाम कोणा मालकास करावयाचे असल्यास इतर सर्व मालकांची एकमुखी संमती आधी मिळाली पाहिजे. आता दारोदार कागद घेऊन फिरणाऱ्या गृहस्थांस सहज विचारून पाहावे की, आपली इमारत या दोहोंपैकी कोणत्या कायद्याखाली येते. निम्म्यांस ते ठाऊक नसते, आणि ज्यांस ठाऊक असते ते सांगत नाहीत.

आम्हांस सर्वांत अधिक खेद वाटतो तो हा की, हे सारे बागलाणात घडावे. सामाईक वस्तूचा विचार कसा करावा, हे शिकण्यासाठी ज्या प्रदेशास बाहेर कोठे जाण्याचे कारण नव्हते, असा हा प्रदेश आहे. आरम, मोसम आणि पलीकडे पांझरा, या नद्यांवर बंधारे घालून त्यांच्या पाण्यावर कित्येक शतके फड पद्धतीने शेती झाली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे मोठाले तुकडे पाडावयाचे, त्यांस फड म्हणावयाचे. कोणत्या फडात यंदा ऊस, कोणत्यात धान्य, कोणता पडीत, हे लाभधारकांनी एकत्र बसून दरवर्षी ठरवावयाचे. आणि एकदा ठरले की पाटकऱ्याने पाणी सोडावयाचे, हवालदाराने देखरेख करावयाची. या व्यवस्थेचे मर्म एका गोष्टीत होते. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन एकाच फडात नसून निरनिराळ्या फडांत थोडी थोडी विखुरलेली असे. त्यामुळे ‘तो फड यंदा पडीत ठेवू’ असे म्हणणाराचीही थोडी जमीन त्या फडात पडीत राहणार असे. पाणी तुटले तर ते सर्वांचेच तुटे. दुसऱ्याच्या नुकसानीवर हात वर करण्याची सोयच त्या रचनेत ठेवलेली नव्हती.

चार मजली इमारतीत ही सोय भरपूर आहे. लिफ्टचा लाभ चौथ्या मजल्यास, खर्च चौघांस. अंगणात दुकान निघाले तर भाडे सोसायटीस, आणि त्याच्यापुढचा गलका व कचरा तळमजल्याच्या खिडकीस. मोबाइलचा टॉवर बसला तर वर्गणी सर्वांची कमी होते, मात्र त्याचे वजन आणि गळती वरच्याच्या छताला. अशा ठिकाणी नुसती डोकी मोजून काय निघणार? ज्यांना काही द्यावे लागत नाही त्यांचे बहुमत निघेल, आणि ते नेहमीच मोठे असते. म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, सदनिकाधारकांस विचारावयाचे ते ‘तुम्हांस मान्य आहे काय’ असे नव्हे. ‘यात तुमचे काय जाते’ असे विचारावे. ज्याचे काही जाते त्याचे उत्तर आधी, त्याच्याच शब्दांत, कागदावर यावे. त्याची भरपाई करता येते की नाही, काम दुसऱ्या रीतीने होते की नाही, याचा विचार व्हावा, आणि मग खुशाल मते मोजावीत.

यावर कमिटीवाल्यांचे ठराविक उत्तर तयार असते: ‘प्रत्येकास असे विचारीत बसलो तर नळाची तोटीसुद्धा बदलता येणार नाही.’ तोटी बदलण्यास कोणाची सही मागा असे आम्ही म्हटलेलेच नाही. दुरुस्ती वेगळी आणि बदल वेगळा. फुटलेला पाइप रात्रीतून जोडावा, त्यासाठी आम्ही कमिटीचे आभारच मानू. पण जी जागा काल सर्वांची होती ती उद्या काहींची होणार असेल, तर चार आठवडे उशीर झाला म्हणून आभाळ कोसळत नाही. एका विद्वान गृहस्थांनी तर आमच्यापुढे थेट देवमामलेदारांचाच दाखला ठेवला! १८७०-७१ च्या दुष्काळात यशवंतराव महाराजांनी सरकारी खजिना भुकेलेल्यांस वाटला तो कोणाच्या संमतीने, असा त्यांचा सवाल. ज्यांची यात्रा दर मार्गशीर्षात आपल्या गावी भरते, त्यांचे नाव पार्किंगच्या वाटणीसाठी वापरताना जीभ अडखळावयास हवी होती. त्यांनी नोकरी पणास लावून खजिना उपाशी लोकांच्या हाती दिला. आमचे चेअरमन सर्वांची जागा स्वतःच्या दुसऱ्या मोटारीच्या हाती देतात. या दोहोंत साम्य इतकेच की, दोघांनीही विचारले नाही.

आणखी एक गोष्ट. सहीचा रकाना मालकाचा असतो, आणि जागा वापरणारे बहुधा दुसरेच असतात. फ्लॅट पतीच्या नावावर, गच्ची वापरते पत्नी. पॅसेजमध्ये खेळतात मुले. जिना चढता येत नाही तो घरातल्या वृद्धांस. भाडेकरू शिक्षक वा बँकेतला कारकून त्या इमारतीत मालकापेक्षा अधिक दिवस काढतो, पण त्यास कोणी चकार शब्द विचारीत नाही. उलट, कित्येक मालक गावी मळ्यावर राहतात. कांदा आणि डाळिंब सोडून त्यांस निघता येत नाही. फ्लॅट घेतला तो मुलांच्या शाळेपुरता. आठ दिवसांच्या मुदतीचा कागद त्यांच्या बंद दारावर चिकटवावयाचा आणि नवव्या दिवशी त्यांचे मौन जमेस धरावयाचे, यास आम्ही लबाडी म्हणतो. मत मोजताना ते मालकाचेच मोजावे, याविषयी आमचा वाद नाही. कायदा तसा आहे. परंतु विचारताना घरातील सर्वांस विचारण्यास कोणता कायदा आड येतो? नकाशा, खर्चाचा अंदाज आणि कोणाचे काय जाते याची यादी महिनाभर आधी जिन्यात लावावी. भाडेकरूंची आणि स्त्रियांची म्हणणी त्या यादीखाली लिहून घ्यावीत. आणि सभा ठेवावी ती आठवडे बाजाराच्या दिवशी, म्हणजे मळ्यावरच्या मालकास एका फेरीत दोन्ही कामे उरकता येतील.