बेटावरची उन्हाळी शाळा



वार्षिक परीक्षा संपली की दप्तर माळ्यावर जातं. अशा वेळी कुणी "सुट्टीतली शाळा" असं म्हटलं, तर तुमची तोंडं कशी होतील ते मला न बघताही कळतं! पण आज तुम्हाला अशाच एका शाळेची गोष्ट सांगणार आहे. तिथे मोठी माणसं आपणहून अर्ज करून शिकायला गेली होती. आणि हे विद्यार्थी होते तरी कोण? चक्क शाळामास्तर आणि शिक्षिका!

ही गोष्ट १८७३ सालची. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ पेनिकीस नावाचं एक चिमुकलं बेट आहे. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक लुई अगासी यांच्या मनात होतं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत शिक्षकांना समुद्राकाठी न्यावं आणि प्राणिशास्त्र शिकवावं. जॉन अँडरसन नावाच्या एका व्यापाऱ्याने ते बेट आणि वर पन्नास हजार डॉलर त्यांना देऊन टाकले. जुलै महिन्यात सुमारे पन्नास विद्यार्थी बोटीने बेटावर उतरले. त्यांत पुरुष होते तशा स्त्रियाही होत्या. त्या काळात विद्यापीठांचे बरेचसे दरवाजे मुलींना बंदच असत, हे लक्षात घ्या.

इमारती काही पुऱ्या झालेल्या नव्हत्या. मग मेंढ्यांचा गोठा झाडून काढला, त्यात घाईघाईने लाकडी जमीन घातली आणि तिथेच शाळेचं उद्‌घाटन झालं. वर आढ्याला पाकोळ्यांची घरटी, खाली विज्ञानाची शाळा!

अगासींचं सांगणं एकच होतं : पुस्तक बाजूला ठेवा, आधी निसर्ग बघा. आता तुम्ही म्हणाल, "बघायचं काय त्यात? डोळे आहेत की!" थांबा. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याची गंमत ऐका.

सॅम्युएल स्कडर हा तरुण हार्वर्डमध्ये अगासींकडे शिकायला आला, तेव्हा त्यांनी त्याच्यापुढे एक मासा ठेवला आणि बघायला सांगितलं. बस, एवढंच! दहा मिनिटांत स्कडरला वाटलं, झालं सगळं बघून. तो सरांना शोधायला गेला, तर सर निघून गेलेले. भिंग वापरायचं नाही, दुसरं कसलंही साधन घ्यायचं नाही. बिचारा कंटाळून गेला. शेवटी खवल्यांच्या रांगा मोजू लागला. मग सुचलं, चित्र काढून बघू. आणि काय आश्चर्य! चित्र काढताना त्याला माशाच्या अंगावर नवं नवं काही दिसू लागलं. तरी सर म्हणाले, अजून बघ. असे तीन दिवस गेले, मासा तोच! पुढे हा स्कडर फुलपाखरांचा मोठा अभ्यासक झाला.

दहा मिनिटांनंतर जो कंटाळा येतो ना, त्याच्या पलीकडे खरं बघणं सुरू होतं. रोजच्या शाळेत तिथवर पोचायला वेळच नसतो. तास संपतो, घंटा होते. उन्हाळी शाळेत मात्र घंटेची घाई नाही, मार्क नाहीत आणि पहिला नंबर तर नाहीच नाही!

पेनिकीसची शाळा फार टिकली नाही. १८७३ च्या डिसेंबरात अगासी वारले. पुढचा एक उन्हाळा त्यांच्या मुलाने ती चालवली आणि मग ती बंद पडली. पण त्या दुसऱ्या उन्हाळ्यात कॉर्नेलिया क्लॅप नावाची पंचविशीची एक शिक्षिका तिथे आली होती. तिला बघण्याची गोडी लागली, ती कायमचीच. १८८८ साली पेनिकीसपासून जवळच वूड्स होल या गावी सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा निघाली, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात क्लॅपबाई तिथे हजर! तिचे पहिले संचालक चार्ल्स व्हिटमन हेही पेनिकीसचेच विद्यार्थी. १८९६ साली शिकागो विद्यापीठाने क्लॅपबाईंना डॉक्टरेट दिली, तेव्हा त्यांचं वय सत्तेचाळीस होतं. वूड्स होलची ती प्रयोगशाळा आज शिकागो विद्यापीठाशी जोडलेली आहे आणि उन्हाळ्यात तिथे अजूनही वर्ग भरतात.

आता एक महत्त्वाची गोष्ट. अगासी शिक्षक म्हणून मोठे, पण डार्विनचा उत्क्रांतीचा सिद्धांत त्यांनी अखेरपर्यंत मानला नाही. माणसांचे वंश वेगवेगळे निर्माण झाले, असंही ते म्हणत. ते साफ चूक होतं आणि त्याने माणसामाणसांत भेद करणाऱ्यांचं फावलं. त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांनी मात्र उत्क्रांती स्वीकारली. सरांनीच शिकवलं होतं ना, स्वतः बघा म्हणून? मग सरांचं म्हणणंही तपासूनच घ्यायचं!

आपल्याकडेही असं शिकता येतं बरं का. पुण्याला विद्यापीठाच्या आवारात १९८८ साली 'आयुका' ही खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली. डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. तिथे शाळकरी मुलांसाठी उन्हाळी उपक्रम सुरू झाला. आठवडाभर शास्त्रज्ञांच्या सोबतीने काम करायचं, आणि ठरलेला अभ्यासक्रम काही नाही! अशी संधी मिळाली तर जरूर जा. जाताना एक कोरी वही न्या आणि मनातला प्रश्न तिथे मोठ्याने विचारा. "कुणी हसेल" ही भीती घरी माळ्यावर दप्तराशेजारी ठेवून द्या.

आणि गावात असं काही नसेल तर? तर ही घ्या तुमची उन्हाळी शाळा. अंगणातलं आंब्याचं एक पान घ्या. अर्धा तास नुसतं बघा. मग चित्र काढा. कडेपर्यंत शिरा पोचतात का? पाठपोट सारखं आहे का? कोवळ्या पानाचा रंग वेगळा का? दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा घेऊन बसा.

आईबाबांनो, तुम्हीही शेजारी एक पान घेऊन बसा पाहू. मुलांना उत्तरं सांगायची घाई नको. पन्नास शिक्षक गोठ्यात बसून "आम्हाला ठाऊक नाही, शिकवा" म्हणू शकले, तर आपल्याला काय हरकत आहे? दोघांच्या वह्या मग एकमेकांना दाखवा. कुणाला काय जास्त दिसलं, ते आम्हाला कळवाल ना?