हिशेबाची वही : फी फिटते ती फरकातून



इंदूरच्या एका वाचक ताईंनी या वेळी प्रश्न पाठवला आहे. थोरली लेक बारावी कॉमर्स झाली. घराजवळच्या खाजगी संस्थेत डेंटल असिस्टंटचा एक वर्षाचा कोर्स आहे, फी साठ हजार. ‘नोकरी नक्की’ असं संस्थावाले सांगतात. ताई विचारतात, गळ्यातली चेन बँकेत ठेवून पैसे उभे करू का?

प्रश्न अनेक घरांतला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी काम समजून घेऊ. दाताच्या डॉक्टरांशेजारी उभं राहून सक्शन धरणं, हवी ती अवजारं वेळेवर हातात देणं, मापाचा मसाला कालवणं, वापरलेली अवजारं धुऊन ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करणं, कचरा पिवळ्या-लाल-निळ्या डब्यांत नियमाप्रमाणे वेगळा करणं, पेशंटच्या नोंदी आणि अपॉइंटमेंट सांभाळणं. काम जबाबदारीचं आहे. पण पेशंटचे दात साफ करणं हे असिस्टंटचं काम नाही. त्यासाठी डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा वेगळा अभ्यासक्रम असतो. १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टने डॉक्टरांखेरीज हायजिनिस्ट आणि डेंटल मेकॅनिक अशा दोघांच्याच नोंदणीची सोय केली. असिस्टंटची नोंदवही त्यात नव्हती. २०२३ मध्ये संसदेने नवा राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. तेव्हा संस्थेला पहिला प्रश्न हाच विचारा : प्रमाणपत्र कोण देणार, आणि त्यावर कुठे नोंदणी होणार का? उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.

आता मुख्य हिशेब. आपण सगळे इथे एक चूक करतो. ‘कोर्सनंतर अकरा हजार मिळतील, म्हणजे साठ हजार सहा महिन्यांत वसूल’ असं मनात धरतो. पण आपल्याकडे कितीतरी दवाखाने बारावी झालेल्या मुलीला कोर्स नसतानाही ठेवून घेतात आणि काम शिकवतात. म्हणजे कोर्स केला नाही तरी पगार शून्य नसतो. कोर्सने जे जास्तीचं मिळतं, तेवढंच कोर्सचं उत्पन्न.

समजण्यासाठी कल्पित आकडे घेऊ. तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला. फी ६०,०००. जाण्यायेण्याचे महिन्याला हजार, वर्षाचे १२,०००. गणवेश, पुस्तकं, परीक्षा ५,०००. झाले ७७,०००. पण मुलगी याच वर्षी एखाद्या दवाखान्यात महिना ८,००० वर लागली असती, तर ९६,००० कमावले असते. तेही खर्चात धरा. एकूण १,७३,०००. चेन ठेवून कर्ज काढलंत तर व्याज वेगळं.

वर्षानंतर कोर्सवालीला ११,००० मिळाले आणि बिनकोर्सची, पण वर्षभर हात बसलेली मुलगी ९,००० वर पोचलेली असली, तर फरक २,०००. त्या फरकातून १,७३,००० फिटायला सात वर्षांहून जास्त लागतील. फरक ५,००० चा असेल तर तीन वर्षांच्या आत फिटतील. कोर्स तोच, फी तीच. निकाल ठरतो तो फरकावर.

हा फरक संस्थेच्या जाहिरातीत सापडणार नाही, आणि इंटरनेटवर तर मुळीच नाही. तिथे अमेरिकेचे आकडे पुढे येतात. मे २०२३ मध्ये तिथल्या असिस्टंटचा मधला वार्षिक पगार ४६,५४० डॉलर होता. पण तिथे नियम राज्याराज्यांनी केलेले आहेत आणि एक्स-रेसारख्या कामाला अनेक ठिकाणी वेगळी परवानगी लागते. आपल्या गल्लीतल्या प्रमाणपत्राचा त्या पगाराशी संबंध जोडू नका.

त्यापेक्षा एका दुपारी मुलीला घेऊन आपल्या भागातल्या चार दवाखान्यांत आणि एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. दोनच प्रश्न विचारा : ‘हिला आज घेतलंत तर किती द्याल? या संस्थेचं प्रमाणपत्र असतं तर किती दिले असते?’ इंदूर, पणजीजवळचं बांबोळी, बेळगाव इथे दंत महाविद्यालयं आहेत. तिथेही चौकशी करावी.

छोट्या दवाखान्यांत बहुधा फरक कमी निघेल. हॉस्पिटलमध्ये मात्र प्रमाणपत्राशिवाय अर्जच घेत नाहीत, असं कळू शकतं. तिथे पगाराबरोबर आणखी एक गोष्ट पाहा. वीस किंवा अधिक कर्मचारी असले की भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. दोन खुर्च्यांच्या दवाखान्यात सहसा तो नसतो. दरमहा साठणारी ती रक्कमही फरकात मोजा.

प्रमाणपत्राचा आणखी एक उपयोग आहे, तो आकड्यांत पकडता येत नाही. लग्नाने म्हणा, बदलीने म्हणा, उद्या मुलगी वडोदऱ्याला किंवा हैदराबादला गेली, तर एका डॉक्टरांच्या तोंडी शिफारशीला तिथे कोण ओळखणार? म्हणून कोर्स न करता नोकरी धरली, तरी दरवर्षी अनुभवाचं पत्र लेटरहेडवर मागून घ्यावं.

मधला मार्गही आहे. आपल्याकडे बरेच दवाखाने सकाळी आणि संध्याकाळी उघडे असतात, दुपार मोकळी. दुपारचा छोटा कोर्स मिळाला तर पगार बुडत नाही आणि खर्चातली सर्वांत मोठी रक्कमच गळून पडते. माझ्या मते ताईंनी आधी हे शोधावं. मुलीने सहा महिने काम करून पाहावं. रक्त, लाळ, दिवसभर उभं राहणं हे सगळ्यांना मानवतंच असं नाही, आणि ते फी भरण्याआधी कळलेलं बरं. काम सुरू करण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची लस मात्र जरूर; तीन डोस सहा महिन्यांत पुरे होतात.

एवढं करून मोठ्या कोर्सलाच जायचं ठरलं, तर पैसे भरण्याआधी तीन गोष्टी पाहा. किती दिवस खऱ्या दवाखान्यात, खऱ्या खुर्चीशेजारी शिकवणार? गेल्या वर्षीच्या दोन मुलींशी फोनवर बोलता येईल का? मध्येच सोडलं तर फी किती परत, आणि ते लेखी आहे का? या तिन्हींना सरळ उत्तर मिळालं आणि दवाखान्यांत विचारलेला फरकही चांगला निघाला, तर चेन ठेवायला हरकत नाही. नाही मिळालं, तर ती गळ्यातच शोभेल.